सगळं आवरलं की मग

डिसेंबर सरताना आणि पुन्हा मार्च उलटल्यावर, असं वर्षातून दोनदा समोरच्या खुर्चीतून मला, एका समुपदेशकाला, एकच वाक्य ऐकू येतं. "मॅडम, काम होतंय, घर चाललंय, वर्षं जातायत, माझ्यासाठी मात्र काहीच होत नाही. दरवर्षी ठरवते आणि फेब्रुवारीत बारा वाजतात." बोलणारे बदलतात. कधी बँकेतले अधिकारी, कधी शिक्षिका, कधी स्वतःचा क्लास चालवणारे गृहस्थ. तक्रार तीच. म्हणून एका बाईंची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं चार-दोन प्रसंगांत आणलं आहे.

बाई चाळिशी ओलांडलेल्या. राहायला डोंबिवलीत, नोकरी बीकेसीतल्या एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. घरी नवरा, सातवीतला मुलगा, सासूबाई. पहिल्या भेटीला डायरी घेऊनच आल्या. पट्टीने आखलेलं पान, डावीकडे नऊ संकल्प, उजवीकडे बारा महिन्यांचे रकाने. जानेवारीत हिरव्या शाईने बरोबरच्या खुणा, फेब्रुवारीत तुरळक, पुढे कोरं.

यादी अशी होती: बढती, एक्सेलचा पुढचा कोर्स, मुलाचं गणित पक्कं करणं, दहा किलो वजन कमी, वर्षात ५२ पुस्तकं, मुंबई मॅरेथॉनमध्ये दहा किलोमीटर, जर्मन भाषेची पहिली पातळी, रोज ध्यान, आणि सगळ्यात शेवटी 'घरच्यांना वेळ'.

"यात विरंगुळा कुठला?" मी विचारलं.

"पाचव्यापासून आठव्यापर्यंत."

"धावायला आवडतं?"

"छे हो. पण ऑफिसातले सगळे नाव नोंदवतात."

"आणि जर्मन?"

"मुलाला पुढे उपयोगी पडेल."

म्हणजे नऊच्या नऊ कामंच. चार विरंगुळ्याच्या नावाखाली, एवढाच फरक. संकल्प फेब्रुवारीत का कोसळतात याचं निम्मं उत्तर अशा यादीत असतं. माणूस दमलेला असतो आणि दमणुकीवर उपाय म्हणून स्वतःला आणखी चार टार्गेटं देतो. वाचायला आवडणं वेगळं आणि आठवड्याला एक या हिशेबाने ५२ पुस्तकं उरकणं वेगळं. दुसऱ्यात तिसऱ्या आठवड्यातच थकबाकी सुरू होते.

'वेळच नाही' ही तक्रार मी खोटी मानत नाही, पण मोजल्याशिवाय खरीही मानत नाही. आठवड्याचे १६८ तास आम्ही कागदावर मांडले. झोप रोज सात तास, म्हणजे ४९. ऑफिस साडेनऊ तास, पाच दिवस: ४७.५. घराच्या दारापासून ऑफिसच्या टेबलापर्यंत, लोकल आणि कुर्ल्याहून पुढची शेअर रिक्षा धरून, जाऊन-येऊन साडेतीन तास: १७.५. स्वयंपाक आणि घरकाम २१, मुलाचा अभ्यास ७, आंघोळ-जेवण वगैरे १०. बेरीज १५२. उरले १६.

बाईंनी बेरीज पुन्हा तपासली. अकाउंट्सवाल्या त्या. "सोळा? मग जातात कुठे?"

कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतची दहा मिनिटं, मुलगा क्लासहून येईपर्यंतचा पाऊण तास, झोपण्याआधी अंथरुणात फोनवर गेलेला अर्धा-पाऊण तास. सोळा तास होते, पण सगळे चिल्लरमध्ये. आणि चिल्लर साठवली नाही तर ती हातातच संपते. म्हणून आमचं पहिलं काम एवढंच ठरलं, की यातले तीन-चार तास एकत्र, एका गठ्ठ्यात आणायचे. ज्यांना शनिवारीही ऑफिस आहे, त्यांचे याच हिशेबातले आणखी १३ तास जातात आणि उरतात तीन. त्यांनी स्वतःला आळशी म्हणणं आधी थांबवावं. त्यांच्या आठवड्यात मोठा संकल्प मावतच नाही.

एका शनिवारची दुपार ठरली. दोन ते पाच, फक्त स्वतःसाठी. पुढच्या भेटीत विचारलं तर बाई म्हणाल्या, "स्वयंपाकघराचा माळा साफ केला."

"का?"

"बसवेना. रिकामं बसलं की चोरी केल्यासारखं वाटतं. सगळं आवरलं की मग निवांत बसेन ना."

"सगळं आवरलंय, असं शेवटचं कधी झालं होतं?"

हा प्रश्न मी मुद्दाम राखून ठेवते. पहिल्याच भेटीत विचारला तर टोमणा वाटतो. माळा साफ करून झाल्यावर विचारला की त्याचं वजन कळतं. बाई गप्प झाल्या. आधी म्हणाल्या, दिवाळीत. मग स्वतःच खोडलं, तेव्हा फराळाचे डबे परत करायचे होते. बाळंतपणाची रजा आठवली आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा चालला होता.

"बारावीचा शेवटचा पेपर," त्या म्हणाल्या. "एसपीचा, सेक्रेटरियल प्रॅक्टिसचा. दुपारी दोनला सुटला. घरी आले, गॅलरीत चटई टाकली आणि मागच्या दिवाळीचे अंक वाचत पडले. आईने दिवा लावला तेव्हा उठले."

"किती वर्षं झाली?"

"तेवीस." आणि थोड्या वेळाने, "म्हणजे मी ज्याची वाट बघतेय, ते येणारच नाहीये."

यावर मी काही बोलले नाही. समुपदेशकाने अशा वेळी तोंड उघडलं की समोरच्याचं वाक्य त्याचं राहत नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ विचाराकडे माझा कल आहे, हे लपवत नाही. परिस्थिती माणसाला जेवढी छळते, त्याहून जास्त छळते ती त्याने स्वतःवर लादलेली सक्ती. काम नीट व्हावं ही बाईंची इच्छा उत्तम होती. पण काम पूर्ण संपल्याशिवाय विश्रांतीचा हक्कच नाही, हा कायदा त्यांना कंपनीने लावला नव्हता, सासूबाईंनीही नाही. आणि अकाउंट्सचं काम संपतं कुठे? सात तारखेला टीडीएस भरायचा, अकराला जीएसटीचं पहिलं विवरणपत्र जीएसटीआर-१, वीसला दुसरं, ३बी, तोवर पुढचा महिना दारात.

त्या कायद्याच्या जागी बाईंनी स्वतःच्या अक्षरात एक वाक्य लिहिलं: "काम अर्धं राहिलेलं असतानाही मी तीन तास बसणार. अपराधी वाटेल. वाटू दे." शेवटचे दोन शब्द माझ्या मते सगळ्यात मोलाचे. अपराधीपणा गेला की मग बसू, असं म्हटलं तर तोही एक माळाच होतो साफ करायचा. त्याच्यासकट बसावं लागतं. पहिल्या दोन-तीन वेळा जीव वर-खाली होतो, पुढे त्याची धार बोथट होत जाते.

आणि काय करायचं हेही त्या आठवणीतच सापडलं होतं. ५२ पुस्तकं नाहीत, दिवाळी अंक. पुष्कळ वाचनालयांची दिवाळी अंकांची वेगळी योजना असते, एकदा वर्गणी भरली की पुढचे काही महिने अंक बदलून आणता येतात. बाईंच्या घराजवळही होती. किती वाचले याची नोंद ठेवायची नाही, अशी मी सक्त ताकीद दिली. विरंगुळ्याच्या संकल्पाला एकच मोजमाप पुरतं: झाला की नाही. 'किती' आलं की पुन्हा ऑफिस सुरू.

आता कॅलेंडर. भिंतीवरचं, मोठ्या चौकटींचं घ्या. फोनमधलं घरातल्या इतरांना दिसत नाही. ते भरायचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण उलटा भरतात.

आधी दाबाचे दिवस लाल करायचे. बाईंचे होते: जानेवारी ते एप्रिलचा पहिला आठवडा, सप्टेंबरचं ऑडिट, दर महिन्याची सात, अकरा आणि वीस तारीख, मुलाच्या परीक्षा, गणपती. पान रंगल्यावर एक गोष्ट आपोआप दिसली. ज्यांचं हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यांनी १ जानेवारीला संकल्प सोडणं म्हणजे सगळ्यात वाईट तिमाहीत नवी घडी बसवायला जाणं. बाईंचं वर्ष आम्ही एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून धरलं. शिक्षकांनी ते जूनच्या मध्यापासून धरावं. तुमच्या धंद्याचा हंगाम बघा.

मग रजा मोजायची. मला आश्चर्य याचं वाटतं, की पगाराची स्लिप पैशापैशाने वाचणाऱ्यांना स्वतःच्या रजा ठाऊक नसतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत, आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्यांना दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा. भरपगारी रजा ४५ पर्यंत साठते. किरकोळ रजा वर्षअखेरीला बुडते. तुमच्या कंपनीला आणि पदाला हा कायदा लागू आहे का, हे एचआरला विचारून घ्या. बाईंच्या दरवर्षी चार-पाच किरकोळ रजा बुडत होत्या. तेवढे चार-पाच दिवस त्या फुकट कामावर जात होत्या.

तिसऱ्या पायरीला विरंगुळा लिहायचा, कामाच्या संकल्पांच्या आधी. कामामागे कोणी ना कोणी उभं असतं: साहेब, सरकारी तारीख, शाळा. तुमचे तीन तास कुठे गेले, हे विचारायला कोणी फोन करत नाही, म्हणून त्यांना तारीख आधी द्यावी लागते. तीन मापांत लिहिलं की पुरे. रोजची वीस मिनिटं. महिन्यातून दोनदा अर्धा दिवस. वर्षातून एकदा सलग चार-पाच दिवस.

वीस मिनिटं बाईंनी लोकलमध्ये धरली. मी आधी हरकत घेतली, कारण उभ्याने धक्के खात कसला विरंगुळा. पण कुर्ल्याहून परतताना ठाण्यानंतर बसायला मिळतं, असं त्यांनी सांगितलं, आणि प्रवासाचा तपशील त्यांनाच जास्त माहीत. अर्ध्या दिवसासाठी वीस तारखेनंतरचा शनिवार आणि पहिल्या आठवड्यातला एक रविवार. रविवारी मध्य रेल्वेवर दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक लागला, तर तो सहसा अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारच्या आसपास संपतो. म्हणून दादरच्या शिवाजी मंदिरला किंवा माटुंग्याच्या यशवंतला नाटक बघायचं तर शनिवारी, रविवारी डोंबिवलीतच काय ते. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञांनी इच्छा आणि कृती यांच्यामधल्या दरीवर बरंच काम केलं आहे. 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं आधीच नेमकं ठरवलं, तर ते घडण्याची शक्यता वाढते, असं त्यांचं सांगणं. बाईंचं वाक्य होतं: ब्लॉक असेल तर गाडी शोधायची नाही, वाचनालय गाठायचं.

सलग रजा नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, दिवाळीची आवराआवर झाल्यावर. गुहागरला. सासरच्या गावी जायचं नाही, हे त्यांनी दबक्या आवाजात सांगितलं आणि मी मोठ्याने उचलून धरलं. जिथे सकाळी उठून पंचवीस माणसांचा चहा टाकावा लागतो, तिथे जाणं कर्तव्य असेल, सुट्टी नव्हे. चिपळूणपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. इथे एक खोच होती. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे नोव्हेंबरच्या विसाव्याचं तिकीट सप्टेंबरच्या एकविसाला, ऐन ऑडिटमध्ये. बाई नक्की विसरल्या असत्या. आदल्या वर्षीही सहल अशीच हुकली होती आणि दोष 'नशिबात नाही' याला दिला गेला होता. तिकिटांचं काम नवऱ्याच्या नावावर लिहिलं, कॅलेंडरवर, त्याच्याच पेनाने.

कामाचे संकल्प शेवटी, आणि दोनच. बढती आपल्या हातात नसते, म्हणून ती खोडली. त्याऐवजी महिनाअखेरीचं बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या नोंदींशी हिशेब जुळवणं, पाच तारखेच्या आत, आणि हाताखालच्या मुलीला जीएसटीचं काम सप्टेंबरपर्यंत पूर्ण शिकवणं. दुसऱ्यामुळे बाईंची रजाही शक्य झाली. नाहीतर गुहागरला लॅपटॉप गेला असता.

मार्चमध्ये सगळं मोडतं. मोडणारच. त्यासाठी आधीच किमान माप ठरवून ठेवा: रोजची वीस मिनिटं चालू, अर्धा दिवस एकच, तोही घरी. असं ठरलेलं नसलं की एक शनिवार हुकतो आणि माणूस 'आता काय, गेलंच' म्हणत वर्षच सोडून देतो.

एक अपवाद मात्र गंभीरपणे सांगते. पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींतही दोन आठवडे किंवा जास्त काळ गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर कॅलेंडर बाजूला ठेवा. तो नियोजनाचा प्रश्न नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे.

बाईंच्या यजमानांना एका भेटीला बोलावलं होतं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, कॅलेंडरचा फोटोही काढला, आणि मग जवळपास प्रत्येक नवरा विचारतो ते विचारलं: "पण मॅडम, त्या शनिवारी दुपारचं जेवण?"

"तुमच्या बिल्डिंगखाली काय आहे?"

"पोळी-भाजी केंद्र," ते म्हणाले.

तेही लिहून घेतलं. बारा पोळ्या, दोन भाज्या, आणि आणायला ते स्वतः.