इटलीत अमेरिकन फुटबॉल खेळायचाय? आधी शिकायला ये

तुझं पत्र दोनदा वाचलं. वय 23, मेकॅनिकलची पदवी, पुण्यात कॉलेजपासून रग्बी, दीड वर्षाची नोकरी. इटलीतल्या एका क्लबाला व्हिडिओ पाठवलास, त्यांनी "फेब्रुवारीत ये, बघू" असं कळवलं, आणि आता राजीनामा देऊन टुरिस्ट व्हिसावर निघू का, असं विचारतोयस.

असा निघू नकोस. इटलीत ये, खेळायलाही ये, पण या वाटेने नको. मी सांगलीहून बोलोन्याला येऊन सहा वर्षं झाली, त्यातले पाच सीझन लाइनबॅकर, म्हणजे बचावातला खेळाडू, म्हणून खेळलो. तेव्हा पुढचं सगळं अनुभवाचं आहे.

पहिली गोष्ट त्या "बघू"ची. इथे कुणी "वेदियामो", म्हणजे "बघू", म्हणालं तर तो होकार समजायचा नाही. माणसं मनापासून म्हणतात, पण कागदावर काही नसतं. आणि या खेळात पगारावर खेळणारी माणसं फार थोडी. वरच्या लीगमधले क्लब अमेरिकेतून एक-दोन खेळाडू आणतात, बहुतेक वेळा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणारा, आणि बचावातला एखादा. त्यांना राहायला फ्लॅट, जेवणाची सोय, महिन्याला थोडे पैसे. ती मुलं चार-चार वर्षं अमेरिकन कॉलेजात खेळून आलेली असतात. ती जागा क्लब पुण्याहून आलेल्या नवख्याला देणार नाही. तुला दुखावण्यासाठी हे लिहीत नाहीये. राजीनामा देण्याआधी तुला हे ठाऊक असायला हवं.

बाकीचा संघ कोण, तर आमच्याकडे प्लंबर आहे, नर्स आहे, दोन शिक्षक आहेत, एक जण बापाची बेकरी चालवतो आणि पहाटे तीनला उठतो. सराव रात्री साडेआठला सुरू होतो, कारण त्याआधी सगळे कामावर असतात. आम्हाला पैसे मिळत नाहीत, उलट आम्हीच वर्गणी भरतो. हा खेळ इथे 1981 पासून, म्हणजे पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेपासून, असाच हौसेवर उभा आहे. आणि हौस म्हणजे कच्चं काम समजू नकोस. 2021 मध्ये इटलीने माल्मोला स्वीडनला 41-14 हरवून युरोपचं विजेतेपद मिळवलं.

आता व्हिसा. शेंगेनच्या टुरिस्ट व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. सामने मार्चमध्ये सुरू होतात आणि अंतिम सामना जुलैच्या तोंडावर येतो. सराव तर थंडीच्या आधीपासून. फेब्रुवारीत आलास तर मे महिन्यात, नेमकी चुरस वाढत असताना, तुला परत जावं लागेल. खेळाडूचा वेगळा व्हिसा असतो, पण त्यासाठी क्लबाच्या वतीने फेडरेशनने, म्हणजे खेळाच्या राष्ट्रीय संघटनेने, कोनीकडे, म्हणजे इटलीच्या ऑलिंपिक समितीकडे, तुझ्या नावाने संमती मागावी लागते. मग पोलिसांचा ना-हरकत दाखला, मग मुंबईचा वाणिज्य दूतावास. या संमत्यांचा दरवर्षी कोटा ठरलेला असतो. क्लब तो अमेरिकन खेळाडूसाठीच वापरणार, हे उघड आहे.

म्हणून माझा सल्ला एकच: मास्टर्सला ये. बोलोन्या, मिलान, तुरीन, सगळीकडे इंजिनिअरिंगचे इंग्रजीतले अभ्यासक्रम आहेत. युनिव्हर्सइटाली या सरकारी संकेतस्थळावर पूर्वनोंदणी, मग विद्यार्थी व्हिसा. सप्टेंबरात वर्ग सुरू होतात आणि त्याच सुमारास संघ जमू लागतात, हा मेळ चांगला बसतो. सरकारी विद्यापीठांची फी घरच्या उत्पन्नावर ठरते. बोलोन्या ज्या प्रदेशात आहे त्या एमिलिया-रोमान्यात शिष्यवृत्ती आणि वसतिगृह एर्गो नावाची प्रादेशिक संस्था देते. त्यासाठी घरच्यांचं उत्पन्न, घर-जमीन, बँकेतली शिल्लक या सगळ्याचे कागद अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा सरकारी शिक्का) आणि इटालियन भाषांतरासह लागतात. वडिलांच्या सातबाऱ्याचं भाषांतर करताना मला गुंठ्यांचे चौरस मीटर करावे लागले होते (एक गुंठा म्हणजे साधारण 101). ही कामं आजच सुरू कर, त्यांनाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

आल्यावर आठ कामाच्या दिवसांत पोस्टातून पेरमेस्सो दि सोज्जोर्नोचा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा, अर्ज भरायचा. विद्यार्थ्याला आठवड्याला 20 तास काम करता येतं. सरकारी आरोग्यसेवेत नाव घालायला विद्यार्थ्याला वर्षाचे 700 युरो पडतात. ते वाचवू नकोस. तिसऱ्या सीझनमध्ये माझा खांदा सटकला तेव्हा त्या नोंदणीची किंमत मला कळली.

बोलोन्यात खोली मिळणं फार अवघड आहे. मी येण्याआधी एका घरमालकाला आगाऊ रक्कम पाठवली होती. पोचलो तर खोलीत दुसरंच कुणी राहत होतं आणि पैसे गेले ते गेलेच. त्या आठवड्यात मी सरावाला बॅग घेऊनच गेलो. मला अजून धड इटालियन येत नव्हतं, संघातही नवाच होतो. आमच्या संघातल्या त्या बेकरीवाल्याने बॅगेकडे पाहिलं, काही न विचारता ती आपल्या गाडीत टाकली, आणि मी पाच आठवडे त्याच्या आईच्या घरी राहिलो. सहा वर्षांत मी या शहरात टिकलो तो त्या पाच आठवड्यांमुळे. तू संघात ये असं जे मी म्हणतोय, त्याचं खरं कारण हे आहे.

खेळाबद्दल. स्पर्धेत उतरण्याआधी क्रीडावैद्याचा दाखला सक्तीचा: ईसीजी, फुप्फुसांची तपासणी, लघवीची तपासणी. तो वर्षभर चालतो. रग्बीमुळे तुझं टॅकलिंग चांगलं असणार, पण हेल्मेट चढलं की डोकं पुढे घालायचा मोह होतो. त्यावर पेनल्टी आहेच, मानेलाही धोका आहे. मी कबड्डीतून आलेला, पकडीला थेट घोट्याकडे झुकायचो. नजर वर, खांदा पुढे हे अंगवळणी पडायला मला पूर्ण एक हिवाळा लागला. धुकं, चिखल, आणि जूनमध्ये पो नदीच्या मैदानातला दमट उकाडा, त्यात खांद्यावर पॅड. प्लेबुकमधली, म्हणजे संघाच्या चालींच्या वहीतली, नावं इंग्रजी असतात, पण प्रशिक्षक ओरडतो इटालियनमध्ये, तेव्हा आत्तापासून रोज अर्धा तास भाषा शीक. जूनमध्ये परीक्षा आणि प्लेऑफ एकदमच येतात. प्राध्यापकांना आधी भेटलं तर तारखेचं काही जमतं.

सामन्यानंतर सगळे एकत्र जेवतात: क्रेशेन्तिने, म्हणजे तळलेल्या पुरीसारखा प्रकार, सोबत हॅम आणि चीज. शाकाहारी असशील तर तोर्तेल्लिनी टाळ, आत डुकराचं मांस असतं. रिकोत्ताच्या तोर्तेल्लोनी चालतील.

त्या क्लबाला आज तीन प्रश्न लेखी विचार: विद्यार्थी म्हणून आलो तर फेडरेशनमध्ये माझी नोंदणी कोणत्या वर्गात होईल, विमा किती, साहित्य कोण देतं. बूट आणि माउथगार्ड पुण्याहूनच आण. आणि भुवयांच्या वर एक इंचावर टेप धरून डोक्याचा घेर मोज, मला कळव. आमच्या संघाच्या खोलीत दोन चांगली हेल्मेटं पडून आहेत. माप बसलं तर एक तुझ्यासाठी बाजूला ठेवतो.