नमुना तोच, आकडा वेगळा का?

प्रश्न : अमिनो आम्लांच्या सगळ्या व्हायलमध्ये (छोट्या बाटल्यांमध्ये) सकाळीच ओपीए (ऑर्थो-थॅलाल्डिहाइड, अमिनो आम्लांना चमक देणारं रसायन) घालून ठेवते. तोच नमुना दुपारी एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) पुन्हा चालवला की आकडे उतरलेले असतात. डिटेक्टरचा दिवा बदलायचा का?

उत्तर : दिव्याला हात लावू नका. बहुतेक अमिनो आम्लं स्वतः चमकत नाहीत. ओपीए आणि मरकॅप्टोइथेनॉलशी जुळून त्यांचं जे संयुग बनतं, ते चमकतं. 340 नॅनोमीटरचा प्रकाश टाकायचा आणि 450च्या आसपासचा मोजायचा. पण हे संयुग टिकत नाही. ग्लायसिन आणि लायसिनचं तर काही मिनिटांतच उतरू लागतं. दुपारपर्यंत काय उरणार? ऑटोसॅम्पलरला (नमुने आपोआप यंत्रात सोडणाऱ्या भागाला) प्रत्येक नमुना इंजेक्शनच्या तोंडावरच ओपीएत मिसळायला लावा. ती सोय नसेल तर टायमर लावून एकेक व्हायल हाताने करा. मिसळल्यापासून इंजेक्शनपर्यंतचा वेळ प्रमाण द्रावणालाही (मात्रा आधीच ठाऊक असलेल्या द्रावणालाही) अगदी तेवढाच द्या. कामाच्या सुरुवातीलाच नॉरव्हॅलिन (नमुन्यात मुळात नसणारं अमिनो आम्ल) ठरावीक मात्रेत घाला, म्हणजे वाटेत नमुना किती सांडला-उरला तेही कळतं.

प्रश्न : जिलेटिनमध्ये प्रोलिनचं पीक (आलेखावरचा उंचवटा) येतच नाही.

उत्तर : यायचं नाहीच. ओपीए फक्त प्राथमिक अमाइनला (ज्यात नायट्रोजनला एकच कार्बन जोडलेला असतो) धरतं आणि प्रोलिन, हायड्रॉक्सिप्रोलिन दुय्यम (दोन कार्बन जोडलेली) आहेत. जिलेटिनमध्ये नेमकी हीच दोन भरपूर! ओपीएनंतर एफमॉक क्लोराइड (दुय्यम अमाइनलाही धरणारं रसायन) घाला आणि त्यांची वेळ आली की डिटेक्टर 266 नॅनोमीटरचा प्रकाश टाकून 305चा मोजेल असं लावून ठेवा.

प्रश्न : ब्लँकमध्येही (नमुना न घातलेल्या द्रावणातही) सेरिन आणि ग्लायसिन दिसतात. पाणी नवीन आहे.

उत्तर : हातमोजे घातले होते का? नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्याच दिवशी रिकाम्या व्हायलच्या आत उघडं बोट फिरवून तो ब्लँक चालवायला सांगते. पडद्यावर सेरिन, ग्लायसिन वर येताना एकदा पाहिले की पुढे सांगावं लागत नाही. बफरही (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावणही) तपासा. ट्रिस असेल तर ते स्वतःच प्राथमिक अमाइन आहे, ओपीए आधी त्यालाच जाऊन चिकटतं. बोरेट वापरा.

प्रश्न : तूरडाळीत ट्रिप्टोफॅन शून्य आलं, हे खरं मानायचं?

उत्तर : नाही. 6 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात 110 अंशांवर 24 तास ठेवलंत, त्यात ते नष्ट झालं. त्याच्यासाठी वेगळा भाग घेऊन अल्कलीत जलविघटन करा (प्रथिन तोडून अमिनो आम्लं सुटी करा). मग ओपीएही लागत नाही. 280 नॅनोमीटरच्या प्रकाशात ट्रिप्टोफॅन आपलं आपण चमकतं.