गडचिरोली-चंद्रपूरकडचा सिकलसेल हा रक्ताचा आजार डीएनएतल्या एकाच अक्षरामुळे होतो का?

हो, हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणाऱ्या बीटा-ग्लोबिन जनुकात ‘जीएजी’ या तीन अक्षरांचं ‘जीटीजी’ झालं की पुरे. पेशी त्या जनुकाची आरएनए प्रत काढते, रायबोसोम (पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र) ती तीन-तीन अक्षरांनी वाचून 146 अमिनो आम्लांची साखळी जोडतो. तिथं सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. मग ऑक्सिजन कमी होताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य दुखतं. मात्र बदललेलं जनुक आई-वडील दोघांकडून आलं तरच हा आजार (‘एसएस’) होतो. एकाकडूनच आलं तर माणूस वाहक (‘एएस’), सहसा ठणठणीत. शिबिरातल्या सोल्युबिलिटी चाचणीत (झटपट प्राथमिक रक्ततपासणीत) हा फरक कळत नाही, म्हणून ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्या) करूनच घ्या, लग्न ठरवण्याआधी तर नक्कीच.