क्वारंटाइन: चाळीस दिवस की चौदा?

प्रश्न असा आला आहे: ‘क्वारंटाइन’चा मूळ अर्थ जर चाळीस दिवस, तर २०२० साली हातावर शिक्का मारून लोकांना १४ दिवस घरी बसवलं, त्याला हा शब्द कसा चालतो? आणि मराठीत सरळ ‘विलगीकरण’ का म्हणू नये?

अर्थ बरोबर आहे. इटालियनमध्ये ‘क्वारांता’ म्हणजे चाळीस. लॅटिन ‘क्वाद्रागिंता’ झिजून तो शब्द झाला आणि संस्कृत ‘चत्वारिंशत्’ झिजून आपला ‘चाळीस’. दोघांचं मूळ घराणं एकच, त्यामुळे क्वारंटाइन हा आपल्या ‘चाळीस’चा लांबचा भाऊबंद लागतो.

पण ही प्रथा सुरू झाली ती चाळीस दिवसांनी नव्हे, तिसांनी. १३४७ साली काळ्या समुद्राकडून आलेल्या जिनोव्हाच्या जहाजांबरोबर प्लेग सिसिलीतल्या मेसिना बंदरात उतरला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत युरोपची निदान एक तृतीयांश माणसं गेली. नंतरही साथ पुन्हा पुन्हा येतच राहिली. रागूझा, म्हणजे आजचं क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक, सगळं व्यापारावर जगणारं. बंदर बंद केलं तर उपासमार, उघडं ठेवलं तर मरण. त्यांच्या महापरिषदेने २७ जुलै १३७७ रोजी कायदा केला: प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने आधी मिरकान या खडकाळ बेटावर किंवा शेजारच्या त्साव्तात गावात महिनाभर राहायचं, मगच शहरात पाऊल टाकायचं. शहरातलं कुणी त्यांना भेटायला गेलं, तर त्यानेही तिथेच महिना काढायचा. येऊ नका असं न म्हणता थांबा म्हणणं, हे मला त्या काळाच्या मानाने फार मोठं शहाणपण वाटतं.

तिसाचे चाळीस पुढे झाले. त्यामागे येशूचा चाळीस दिवसांचा उपास होता, तीव्र आजार चाळीस दिवसांत निकाली निघतो ही जुनी ग्रीक वैद्यकाची समजूतही होती. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना असतो, तसाच हा रूढीने ठरलेला आकडा. गाठीच्या प्लेगची लक्षणं साधारण आठवडाभरात दिसतात. म्हणून १४ दिवसांना क्वारंटाइन म्हणण्यात काही चूक नाही. शब्दातला आकडा कधीच गळून पडला आहे.

आता विलगीकरण. व्हेनिसने १४२३ साली एका बेटावर प्लेगच्या रुग्णांसाठी इस्पितळ काढलं, ते लाझारेत्तो वेक्यो. १४६८ साली दुसरं बेट राखलं, लाझारेत्तो नुओव्हो. तिथे संशयित जहाजांवरची धडधाकट माणसं आणि माल ठेवायचे. मालाला वारा द्यायचे, धुरी द्यायचे. तिथल्या मोठ्या गोदामाच्या भिंतींवर अडकून पडलेल्या लोकांनी लाल रंगात लिहून ठेवलेला मजकूर आजही दिसतो. आजारी एका बेटावर आणि संशयित दुसऱ्या, हा फरक त्यांनी पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी पाळला. आपण २०२० मध्ये दोन्हींना सर्रास ‘विलगीकरण’ म्हणत होतो.

काहींनी संशयितांसाठी ‘अलगीकरण’ वापरून पाहिला. पण विलगीकरण आणि अलगीकरण कानाला इतके सारखे लागतात की घाईत घोटाळा ठरलेला, आणि इथे घोटाळा म्हणजे निरोगी माणूस रुग्णांच्या खोलीत. म्हणून रुग्णासाठी ‘विलगीकरण’ आणि संशयितासाठी ‘क्वारंटाइन’च ठेवावा, असं माझं मत आहे. ‘क्वारंटीन’ लिहिलंत तर ते इंग्रजी उच्चाराला जवळचं. मराठीत मात्र ‘टाइन’ रुळला आहे.