तीन वर्षं राखीव, मग साठ टचडाऊन : जो बरोच्या कॉलेजच्या दिवसांबद्दल तुमचे प्रश्न

अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच खेळाडूबद्दल आहेत : सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो. त्याची व्यावसायिक कारकीर्द टीव्हीवर सगळे पाहतातच. प्रश्न आहेत ते त्याच्या आधीच्या पाच वर्षांबद्दल, आणि मलाही तीच वर्षं जास्त मोलाची वाटतात.

प्रश्न : मुलगा शिकायला लुइझियानात गेला आहे. फोनवर अभ्यास सोडून फुटबॉलच बोलतो. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा कर्णधार का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : कर्णधार असेलच असं नाही, पण चढाई करणाऱ्या संघाच्या जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्याच हातात येतो. संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेला की टचडाऊन, म्हणजे सहा गुण. एक चाल संपली की पुढची सुरू करायला साधारण ४० सेकंद मिळतात. तेवढ्यात क्वार्टरबॅकने प्रशिक्षकांकडून आलेली चाल समजून घ्यायची, बाकीच्या दहा जणांपर्यंत पोचवायची, समोरचा बचाव कसा उभा आहे ते पाहायचं आणि गरज वाटली तर जागच्या जागी चाल बदलायची. चेंडू हातात आला की अडीच-तीन सेकंदांत कुणाकडे फेकायचा ते ठरवायचं, आणि तेही शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर धावून येत असताना. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला हे लगेच जमत नाही. म्हणून कॉलेजात पहिली एक-दोन वर्षं बहुतेक क्वार्टरबॅक बाहेर बसूनच शिकतात.

प्रश्न : आम्ही कोलंबसला राहतो. ओहायो स्टेटने घरचा मुलगा हातचा घालवला, असं इथे अजूनही बोललं जातं. प्रशिक्षक अर्बन मायर चुकलेच ना?

उत्तर : मला तसं वाटत नाही. का ते सांगतो.

बरो वाढला ओहायोच्या आग्नेय कोपऱ्यात, अथेन्स या गावाजवळ. वडील जिम बरो तिथल्याच ओहायो युनिव्हर्सिटीत बचावफळीचे प्रशिक्षक होते. म्हणजे घरात फुटबॉल होताच. वडील आणि दोन्ही मोठे भाऊ नेब्रास्काकडून खेळलेले, पण जोला नेब्रास्काने शिष्यवृत्ती देऊ केली नाही. २०१४ मध्ये त्याने अथेन्स हायस्कूलला राज्याच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. तो सामना ५६-५२ असा हातून गेला. ओहायो स्टेटमध्ये त्याच्यासाठी आग्रह धरला तो तिथले तेव्हाचे आक्रमण प्रशिक्षक टॉम हर्मन यांनी. बरो कॉलेजात दाखल होईपर्यंत हर्मन मात्र ह्यूस्टनला निघून गेले होते. ज्याने निवडलं तोच माणूस आता संघात नव्हता. कॉलेज फुटबॉलमध्ये असं वरचेवर घडतं आणि मुलांना ते जड जातं.

२०१५ चं पहिलं वर्ष फक्त सरावात गेलं. पुढची दोन वर्षं जे. टी. बॅरेट हा अनुभवी खेळाडू पहिल्या पसंतीचा होता आणि बरो त्याच्यामागे. तीन वर्षांत मिळून त्याने जेमतेम ३९ फेकी केल्या, त्याही बहुधा सामना हातात आल्यावर. खरं वळण आलं ऑगस्ट २०१७ मध्ये. हंगामाच्या तोंडावर सरावात त्याच्या फेकीच्या हाताचं हाड मोडलं आणि दुसऱ्या क्रमांकाची जागा ड्वेन हॅस्किन्सकडे गेली. नोव्हेंबरात कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनविरुद्ध बॅरेट जखमी झाला, तेव्हा मैदानात उतरला हॅस्किन्स, आणि त्याने सामना जिंकून दिला. हात धड असता तर ती संधी बहुधा बरोची होती.

२०१८ च्या वसंत ऋतूतल्या सरावानंतरही मायर यांनी कुणाचं नाव जाहीर केलं नाही. मे महिन्यात बरो ओहायो स्टेट सोडून लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत, म्हणजे एलएसयूत गेला. पण त्या हंगामात हॅस्किन्सने काय केलं, तेही पाहा : फेकींतून ४,८३१ यार्ड, ५० टचडाऊन आणि हाइझमन या कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या मतदानात तिसरा क्रमांक. मायर यांच्यासमोर दोन अस्सल क्वार्टरबॅक होते आणि जागा एकच होती. त्यांनी निवडलेला मुलगा कसोटीला उतरला. यात चूक कुणाची काढायची?

प्रश्न : ‘रेडशर्ट’ म्हणजे काय? शिक्षा असते का ती?

उत्तर : नाही, सवलत असते. बरोच्या काळी खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येत. पहिल्या वर्षी सामन्यात उतरवलं नाही तर ते वर्ष चारांत धरलं जात नसे. अशा वर्षालाच रेडशर्ट म्हणतात; बरोचं २०१५ चं वर्ष तसंच होतं. मुलगा संघासोबत सराव करतो, व्यायामशाळेत ताकद कमावतो, चाली पाठ करतो. २०१८ पासून नियम आणखी सैल झाला आणि चार सामन्यांपर्यंत खेळूनही वर्ष वाचवता येऊ लागलं.

प्रश्न : एलएसयूत पहिल्या हंगामात १६ टचडाऊन आणि दुसऱ्यात ६०! एका वर्षात माणूस इतका बदलतो? मला तर हे सगळं जस्टिन जेफरसन आणि जमार चेस यांचं श्रेय वाटतं. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : झेल घेणारे दोघंही असामान्य होते, यात शंकाच नाही. पण दोघंही २०१८ मध्ये त्याच संघात होते. म्हणून उत्तर आणखी खोलात शोधायला हवं.

बरो बॅटन रूजला, म्हणजे एलएसयूला आला तो हंगामाच्या तीनेक महिने आधी. चाली नव्या, सहकारी नवे. त्या वर्षी आक्रमण जुन्या वळणाचं होतं : धावपटूंवर भर आणि फेकी बेतानेच. अचूकता ५७.८ टक्के राहिली. अलाबामाने घरच्या मैदानावर येऊन २९-० असं हरवलं. तरी संघाने दहा सामने जिंकले, हे विसरू नका. १ जानेवारी २०१९ ला फिएस्टा बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात सेंट्रल फ्लोरिडाविरुद्ध सुरुवातीलाच त्याची फेक प्रतिस्पर्ध्याने पळवली आणि त्या धावपळीत त्याला असा जबर धक्का बसला, की तो मैदानावर आडवा झाला. तो उठला आणि खेळतच राहिला. ३९४ यार्ड, चार टचडाऊन आणि ४०-३२ असा विजय. पुढच्या वर्षाची पहिली खूण मला त्या सामन्यात दिसते.

मग न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून जो ब्रेडी हा तरुण प्रशिक्षक आला. एलएसयूचे आक्रमण प्रशिक्षक स्टीव्ह एन्समिंगर आणि ब्रेडी यांनी मिळून आक्रमण पार बदललं. आता पाच-पाच जण एकाच वेळी झेल घ्यायला धावू लागले. त्यामुळे बचाव मैदानभर पांगतो आणि कोण कुणावर लक्ष ठेवून आहे, हे क्वार्टरबॅकला उघड दिसतं. पण त्याच्या संरक्षणाला माणसं कमी उरतात. म्हणजे समोरचं चित्र भरभर वाचणारा, धोका पत्करणारा आणि पटकन फेकणारा माणूसच तिथे हवा. बरोने तीन वर्षं बाहेर बसून बचाव वाचण्याचाच अभ्यास केला होता. त्या अभ्यासाला साजेसं आक्रमण त्याला पहिल्यांदाच मिळालं.

७ सप्टेंबर २०१९ चा ऑस्टिनमधला सामना मिळाला तर जरूर पाहा. समोर टेक्सास, आणि त्यांचे मुख्य प्रशिक्षक कोण? तेच टॉम हर्मन. एलएसयू ३७-३१ असं पुढे होतं आणि अडीच मिनिटांच्या आसपास वेळ उरला होता. तिसरा प्रयत्न, हवे होते १७ यार्ड. अशा वेळी सावध संघ चेंडू घेऊन धावतो, वेळ खातो आणि मग लाथेने चेंडू दूर धाडतो. एलएसयूने फेकीची चाल निवडली. टेक्सासने जादा माणसं अंगावर सोडली. चाल पुन्हा पाहताना बरोच्या पायांकडे बघा : तो मागे हटत नाही, डावीकडे पुढे सरकतो, कोसळणाऱ्या गराड्यातून वाट काढतो आणि धावता धावताच जेफरसनकडे चेंडू फेकतो. ६१ यार्ड, टचडाऊन. सामना ४५-३८ असा जिंकला.

बाकीचं वर्ष तुम्हाला माहीत असेल. नोव्हेंबरात अलाबामाला त्यांच्याच मैदानावर ४६-४१ असं हरवलं. उपांत्य फेरीत ओक्लाहोमाविरुद्ध पहिल्या अर्ध्यातच सात टचडाऊन फेकी. १३ जानेवारी २०२० ला न्यू ऑर्लिन्समध्ये अंतिम सामन्यात क्लेमसनवर ४२-२५ असा विजय. पंधरापैकी पंधरा सामने जिंकले. ५,६७१ यार्ड, ७६.३ टक्के अचूकता. आणि हो, श्रेयच वाटायचं असेल तर त्याच्यापुढे भिंत होऊन उभ्या राहिलेल्या पाच जणांनाही द्या. देशातल्या सर्वोत्तम आक्रमक फळीचा पुरस्कार त्या वर्षी त्यांनाच मिळाला.

प्रश्न : बेंचवरून वर आलेल्यांचं कौतुक सगळेच करतात. ज्याची जागा जाते, त्याचं काय? (एक वाचक, पणजी)

उत्तर : जेलन हर्ट्सचं पाहा. २०१६ मध्ये तो अलाबामात पहिल्याच वर्षी पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक झाला. ८ जानेवारी २०१८ च्या अंतिम सामन्यात जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला संघ ०-१३ असा मागे होता. प्रशिक्षक निक सेबन यांनी त्याला बसवलं आणि तुआ तागोवाइलोआला उतरवलं. तुआने सामना २६-२३ असा फिरवला. हर्ट्स लगेच निघून गेला नाही. पुढचं वर्ष तो तिथेच राखीव म्हणून राहिला. डिसेंबरमध्ये पुन्हा जॉर्जियाच समोर असताना तुआ जखमी झाला आणि हर्ट्सने येऊन ३५-२८ असा विजय मिळवून दिला. मग पदवी घेऊन तो ओक्लाहोमाला गेला. २०१९ च्या हाइझमनमध्ये बरो पहिला, हर्ट्स दुसरा आणि जस्टिन फील्ड्स तिसरा. तिघांनीही कॉलेज बदललेलं होतं. फील्ड्स तेव्हा खेळत होता तो ओहायो स्टेटकडून. २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, सर्वोत्तम खेळाडू ठरला तो हर्ट्सच.

प्रश्न : आमचा मुलगा न्यू जर्सीत हायस्कूलच्या संघात दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक आहे. ‘बरोसुद्धा थांबलाच होता ना’ असं म्हणून वाट पाहतोय. आम्ही त्याला काय सांगावं?

उत्तर : बरोचा दाखला अर्धाच घेऊ नका. तो नुसता थांबला नाही. त्याने तीन वर्षांत पदवी पूर्ण केली. त्या काळी कॉलेज बदलणाऱ्याला साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावं लागे, पण पदवी हातात असेल तर लगेच खेळता येई. म्हणजे एलएसयूचं दार उघडलं ते वर्गातल्या कामाने. पदवी नसती, तर २०१८ चा हंगाम, म्हणजे जुळवून घेण्याचं ते खडतर वर्ष, त्याला मिळालंच नसतं. आज नियम मोकळे आहेत. २०२१ पासून पहिली बदली विनाअट झाली आणि २०२४ पासून अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा बदलता येतं. त्यामुळे मुलं लवकर जातात, आणि प्रशिक्षकही तयार खेळाडू बाहेरून आणतात. नुसतं थांबणं पूर्वीपेक्षा जास्त जोखमीचं झालं आहे. आणि खरं सांगायचं, तर थांबलेल्यांपैकी बहुतेकांना जागा मिळतच नाही. त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, एवढंच.

तेव्हा मुलाला प्रशिक्षकांना भेटून सरळ विचारू द्या : मी कुठे कमी पडतो, आणि पुढच्या हंगामात माझी जागा कुठे दिसते? ही विचारणा त्याने स्वतः करावी, तुम्ही नाही. सामन्याच्या चित्रफिती पाहायला मिळत असतील तर पहिल्या क्रमांकाच्या मुलाची प्रत्येक चाल त्याने चेंडू सुटण्याआधी थांबवावी आणि आपण कुणाकडे फेकला असता ते वहीत लिहून ठेवावं. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला हा अभ्यास करायला वेळ असतो. आणि डोक्याला मार लागला तर त्याने तो लपवू नये, हे घरात आधीच पक्कं ठरवून ठेवा. जागा जाईल या भीतीने मुलं गप्प बसतात. डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय त्याला सरावालाही पाठवू नका.