आप्पांच्या दगडासारख्या शिरेचं काम एवढं अवघड का?

प्रश्न : आमच्या आप्पांचं वय 68, शुगर 15 वर्षांपासून. जळगावला अँजिओग्राफी केली. तिन्ही शिरांत ब्लॉक निघाले, त्यातली एक कॅल्शियमने दगडासारखी झालीय. डॉक्टर म्हणतात, बायपास करा, नाहीतर ड्रिल मारून स्टेंट टाकावे लागतील. शेजारचे काका स्टेंट टाकून तिसऱ्या दिवशी घरी आले. मग आप्पांचंच एवढं अवघड का?
– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : काकांचा ब्लॉक बहुधा मऊ, चरबीचा असणार. तो शिरेत फुगवलेल्या फुग्याने दबतो, कॅल्शियमचं कडं दबत नाही. ठिबकच्या नळीत क्षार धरला तर केळीवाले ॲसिड सोडतात, शिरेत तशी सोय नाही. तसाच रेटून बसवलेला स्टेंट अर्धवट उघडतो. 3 मिलिमीटरचा स्टेंट 2 वरच अडकला तर रक्ताची वाट निम्म्याहून कमी उरते, आणि अशा स्टेंटमध्ये पुढे गुठळी होण्याचा धोका जास्त.

म्हणून आधी शिरेच्या आतून ओसीटी, म्हणजे प्रकाशाने चित्र काढणारी तपासणी, करून कॅल्शियम मोजतात. कडं अर्ध्या वर्तुळाहून मोठं, अर्ध्या मिलिमीटरहून जाड आणि 5 मिलिमीटरहून लांब असेल तर नुसत्या फुग्यावर भागत नाही. मग रोटाब्लेटर, म्हणजे तुमचं ‘ड्रिल’. हिऱ्याची कणी लावलेलं साधारण दीड मिलिमीटरचं टोक मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेतं. एका वेळी 15-20 सेकंदच फिरवायचं. जास्त रेटलं तर भुगा पुढच्या बारीक शिरांत साचतो, प्रवाह मंदावतो, बीपी पडतं. क्वचित शीर फाटते किंवा टोकच अडकून बसतं. दुसरी पद्धत लिथोट्रिप्सीची, मूतखडा फोडतात तीच युक्ती. फुग्यातून लहरी सोडून कॅल्शियमला तडे पाडतात. पण फुगा आत शिरायलाच जागा नसेल तर आधी ड्रिल.

तरी आमचं मत विचाराल तर बायपासचा सल्ला टाळू नका. अनेक शिरांत ब्लॉक असलेल्या मधुमेही रुग्णांच्या फ्रीडम चाचणीत (2012) 5 वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात स्टेंटवाल्यांत 26.6 टक्के, बायपासवाल्यांत 18.7 टक्के होता. नुसता पक्षाघात मात्र बायपासमध्ये जास्त. सिंटॅक्स स्कोअर (ब्लॉक किती गुंतागुंतीचे आहेत त्याचे गुण) किती ते विचारा आणि अँजिओग्राफीची सीडी सर्जनलाही दाखवा.

स्टेंटच ठरलं तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी तपासून घ्या. अशा कामात डाय (एक्स-रेत शिरा दिसाव्यात म्हणून सोडायचं औषध) जास्त लागतो, त्याचा भार किडनीवर येतो. कधीकधी म्हणूनच काम दोन टप्प्यांत करतात. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या नंतर महिनोन्‌महिने चालतात. दात काढायचाय म्हणून कुणी त्या थांबवायला सांगितल्या, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा.