प्लेअर कपाटात पडून बिघडतो

गाणी ऐकायच्या यंत्रांबद्दल या वेळी इंदूरच्या वाचकांचे बरेच प्रश्न आले. त्यांतले निवडक घेतो आहे.

प्रश्न : भावाने अमेरिकेहून आणलेला हार्ड डिस्कवाला आयपॉड नेहरू पार्कात फिरताना वापरायचो. आता गाणं सुरू होताना आतून टकटक येते आणि अडकतं. दुरुस्तीला पैसे घालू का? (तिलकनगर)

उत्तर : टकटक म्हणजे बहुतेक डिस्कच गेली. आत १.८ इंचाची फिरती तबकडी असते. २००१चा पहिला ५ जीबीचा आयपॉडही तसलाच होता. तरी लोक तो खिशात घालून पळायचे, कारण तो सतत डिस्क वाचत नाही. पुढची गाणी आधीच मेमरीत उचलून घेतो आणि तबकडी थांबवतो. थांबलेल्या तबकडीला धक्का बराच सोसतो. घात होतो तो डिस्क फिरत असताना हातातून सुटला तर. आणि दर अर्ध्या मिनिटाला गाणं पुढे ढकलायची सवय असेल तर ती जवळजवळ सतत फिरतच असते, बॅटरीही खाते.

पैसे घाला, पण पुन्हा तसलीच डिस्क बसवू नका. तिच्या जागी अडॅप्टर लावून मेमरी कार्ड बसवता येतं. मग आत हलणारं काही उरतच नाही. आयपॉडचं उत्पादन २०२२मध्ये संपलं, तरी असे सुटे भाग ऑनलाइन मिळतात. जेलरोडवर दुरुस्तीला देताना एवढंच विचारा, ‘भिया, पहले खोला है क्या?’ बऱ्याच मॉडेलांत मागचं स्टीलचं झाकण चपट्या रिबनने पुढच्या भागाला जोडलेलं असतं. हिसका देऊन उघडलं की रिबन तुटते आणि इयरफोनचा आवाज जातो.

प्रश्न : आईचा भजनांचा छोटा यूएसबी-एफएम स्पीकर दिवसभर चार्जरला लावलेला असतो. वायर काढली की दहा मिनिटांत बंद. नवा घ्यावा का? (रामबाग)

उत्तर : आधी मागचं झाकण उघडून पाहा. अशा कित्येक डब्यांत बीएल-५सी ही बॅटरी असते, जुन्या बटणांच्या नोकियात असायची तीच. ती आजही सहज मिळते आणि हाताने बदलता येते. कायम पूर्ण चार्ज आणि वर इंदूरचा मे महिना, हे दोन्ही मिळून लिथियमची बॅटरी लवकर थकते. दिवा हिरवा झाला की वायर काढायची, आणि डबा उन्हाच्या खिडकीतून हलवायचा. बाहेर आलेल्या लांब पेनड्राइव्हला येता-जाता धक्का लागतो आणि आतल्या सॉकेटचं सोल्डर तडकतं. नखाएवढा पेनड्राइव्ह मिळतो, तो लावा.

प्रश्न : बाबांनी गणेशोत्सवातल्या गाण्याच्या बैठका टेप केल्या होत्या. त्यांचा वॉकमन वर्षानुवर्षं कपाटात आहे. नवे सेल घातले तर घूं असा आवाज येतो, पण कॅसेट फिरत नाही. (लोकमान्यनगर)

उत्तर : मोटर जिवंत आहे, रबरी पट्टा गेला आहे. रोज वाजणारा वॉकमनही झिजतो, पण न वापरताही पट्टा म्हातारा होतोच : सैल पडतो, कडक होतो किंवा काळ्या डांबरासारखा वितळून पुलीला चिकटतो. ती घाण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, त्याच घेराचा आणि जाडीचा पट्टा घालायचा. सेलच्या खणात पांढरी भुकटी दिसली तर ती गळलेल्या अल्कलाइन सेलची. हातमोजे घालून, व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा, मग अल्कोहोलने कोरडं करा.

आता महत्त्वाचं. बाबांची कॅसेट पहिल्यांदा घालायची नाही. सिनेमागाण्यांची एखादी टाकाऊ कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवून पाहा. पिंच रोलर, म्हणजे फीत ओढणारं रबरी चाक, चिकट झालं असेल तर ते फीत गुंडाळून खातं. हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, आणि रोलर पुसून घ्या. बैठकीच्या कॅसेटच्या आतला छोटा फेल्टचा तुकडा जागेवर आहे ना, तेही पाहा. तो पडला की आवाज दबका येतो. हे सगळं झाल्यावर पहिल्याच वेळी वाजवताना कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. ‘आधी एकदा ऐकून घेऊ’ नको. त्याच वेळी फीत तुटली तर?

प्रश्न : रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, क्लिपचा प्लेअर खिशात राहिला, रंगाच्या पाण्याने भिजला. तांदळात ठेवला आहे. (राजवाड्याजवळून)

उत्तर : तांदूळ डब्यात परत घाला. पाणी उडून गेलं तरी त्यातला रंग आणि क्षार सर्किटवर तसेच राहतात आणि तांबं गंजवतात. चालू करून बघू नका, चार्जरही लावू नका. उघडून आयसोप्रोपिलने धुवून घ्या, आजच. खोक्यावर आयपीएक्स-४ लिहिलेलं असेल तर ते उडणाऱ्या पाण्यापुरतं. गेरच्या टँकरसमोर त्याचा काही उपयोग नाही.

प्रश्न : एकाच कानात आवाज येतो. (सुदामानगर)

उत्तर : दुसरा इयरफोन लावून पाहा. तरी तसंच असेल तर प्लेअर बंद करून जॅकच्या भोकातला खिशाचा लोकर-कचरा लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. टाचणी नको.

प्रश्न : ड्रॉवरमधल्या जुन्या आयपॉड नॅनोची पाठ उचलली गेली आहे. चार्ज करून बघू का? (वैशालीनगर)

उत्तर : अजिबात नाही. बॅटरी फुगली आहे. दाबू नका, टोचू नका, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. २००५-०६मध्ये विकलेले पहिल्या पिढीचे नॅनो बॅटरी तापण्याच्या धोक्यामुळे ॲपलनेच २०११मध्ये परत मागवले होते. ज्यांची पाठ अजून सपाट आहे, त्यांनी प्लेअर ठेवून देताना बॅटरी निम्मी भरून ठेवावी आणि तीन-चार महिन्यांनी एकदा चार्जरला लावावी. पूर्ण रिकामी करून ठेवलेली बॅटरी बऱ्याचदा परत उठत नाही.